एका ‘टी’साठी सात आठवडे: सोलरच्या कामात शिरतानाचा माझा अनुभव

सोलरमध्ये खरंच काम मिळतं का, असं गावातली पोरं मला विचारतात. मिळतं. आमच्या दारव्हा तालुक्यात पूर्वी सोलर म्हणजे रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेलं झटका मशीन, एवढंच माहीत होतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्य सरकारची योजना आल्यापासून शिवारात पॅनल दिसू लागले. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी. ती दुरुस्ती मुंबईत बसून होत नाही, कोणाला तरी वावरात जावंच लागतं. मी तेच काम करतो.

पण इथवर यायला मला शिकण्यापेक्षा कागदांनीच जास्त दमवलं.

आयटीआयला मी वीजतंत्री केलं. मग केंद्र सरकारच्या सूर्यमित्र प्रशिक्षणाचा फॉर्म भरला. 2015 पासून चालणारा हा कोर्स माझ्या वेळी 600 तासांचा होता, राहणं-जेवण त्यांच्याकडे, फी नाही. फोन आला, कागद घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी आधार आणि आयटीआयचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, “नावात फरक आहे, दुरुस्त करून आणा.”

बाबांचं नाव विठ्ठल. इंग्रजीत दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर दोन टी, प्रमाणपत्रावर एकच. बॅच सुरू व्हायला तीन आठवडे होते. एका अक्षराचं काम, होऊन जाईल असं वाटलं.

ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता तिथे दिला. बाबूने घेतला आणि “वर पाठवतो” म्हणाला. आठवड्याने गेलो. “पाठवलं ना बाप्पा, आलं की सांगतो.” पुन्हा गेलो. साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो. साइट बंद. दर वेळी एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस. घरी तुरीची सवंगणी चालू, बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोनला बॅटरी घेऊन निघायचे, कारण त्या आठवड्यात लाईन रात्रीची. आणि मी एका बाकावर बसून. बॅच माझ्याशिवाय सुरू झाली त्या दिवशी बाबा म्हणाले, “माह्या नावानं अडलं का रे तुह्यं काम?” मला उत्तर देता आलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

सातव्या आठवड्यात शेजारच्या काकांनी विचारलं, “पोच घेतली होती का?” घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेलो आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. तेव्हा कुठे रजिस्टर उघडलं. माझा जुना अर्ज त्यात नव्हताच. तो एका फाइलमध्ये पडून होता, कारण गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर माझी सही नव्हती. अर्जावर माझा मोबाईल नंबर ठळक लिहिलेला होता. सात आठवड्यांत एक फोन कोणी केला नाही. उभ्या उभ्या सही केली, बाराव्या दिवशी नाव दुरुस्त झालं.

खिशात मी माहितीच्या अधिकाराचा अर्जही लिहून नेला होता. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. तो तिसऱ्याच आठवड्यात द्यायला हवा होता.

नेट कॅफेवाला म्हणत होता, आधारच बदलून टाक, सोपं पडेल. ऐकलं नाही ते बरं केलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. चुकीच्या कागदासाठी बरोबर कागद बिघडवू नका. दहावीची गुणपत्रिका धरा आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवा, पॅन आणि पासबुकसुद्धा. हे आयटीआयला असतानाच करा.

पुढच्या बॅचचे तीन महिने भर्रकन गेले. एक गोष्ट मात्र मनावर घ्या. घरातली लाईन एसी असते, पॅनलमधून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरगुती लायनीची सवय असलेले डीसीला हलकं समजतात. छतावरचे सहा मोठे पॅनल एका ओळीत जोडले की 250 ते 300 व्होल्ट होतात, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढायचा नाही.

सुरुवातीला मला महिना तेरा हजार आणि पेट्रोल वेगळं मिळालं. नुसते सांगाडे उभे करणाऱ्या पोरांना रोजी मिळते आणि काम संपलं की घरी बसावं लागतं. ज्याला मीटर लावून फॉल्ट काढता येतो त्याला परत बोलावतात. मे महिन्यात शेतकरी चिडून फोन करतात, ऊन एवढं अन् पाणी कमी कसं? पॅनलची ताकद 25 अंशांवर मोजलेली असते. आपल्याकडच्या उन्हात पॅनल साठच्या वर तापतो, आणि दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. हे शांतपणे समजावता आलं पाहिजे, तेही आपल्या बोलीत. बाहेरून आलेल्या पोरांना तिथेच जड जातं.

शहरात छतांचं काम वेगळं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत घराच्या छतावरच्या तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, त्यामुळे यवतमाळात मागणी आहे. पण स्वतःच्या नावावर ठेका घ्यायचा तर विद्युत ठेकेदाराचं लायसन्स लागतं. त्याच्या तयारीला मी लागलोय.

गेल्या महिन्यात आमच्याही पंपाचा अर्ज भरला, बाबांच्या नावाने. सातबारा, आधार, पासबुक, तिन्ही टेबलावर शेजारी ठेवून आधी अक्षरन् अक्षर जुळवलं.