थॅम्नोलियाची पाकिटं: ट्रॉम्सोहून प्रगती

या हिवाळ्यात थॅम्नोलिया या लायकेनच्या (दगडफुलाच्या) वाळवून कागदी पाकिटांत ठेवलेल्या नमुन्यांची सगळी पाकिटं एकदा नीट तपासायला घेतली आहेत. नमुने उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या आसपासच्या डोंगरांवरचे; जिथे वारा बर्फ टिकू देत नाही अशा उघड्या माथ्यांवरून चिमूटभरच उचललेले. मातीवर पसरलेल्या, जाडसर शेवयांसारख्या पांढऱ्या पोकळ नळ्या, टोकाला निमुळत्या. बीजाणू तयार करणारी फळं या लायकेनला येत नाहीत. नळी मोडते, तुकडा वाऱ्यावर जातो आणि पडेल तिथे वाढतो.

डोंगरावर सगळं सारखंच पांढरं दिसतं. फरक कळतो पाकिटात, काही वर्षांनी. काही नमुने गुलाबीसर पडतात, काही पांढरेच राहतात. गुलाबी पडणाऱ्यांत थॅम्नोलिक आम्ल असतं, पांढरं राहणाऱ्यांत बिओमायसेसिक आणि स्क्वामॅटिक आम्लं. ताज्या नमुन्याचा रंग बदलायची वाट बघत बसायला नको म्हणून 365 नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च वापरते. खोलीत पूर्ण अंधार हवा. पांढऱ्या राहणाऱ्या प्रकारच्या नळ्या पिवळट पांढऱ्या उजळतात, थॅम्नोलिक आम्लवाल्या काळपटच राहतात.

एका पाकिटाने तर संध्याकाळभर खिळवून ठेवलं. एकाच झुबक्यात उजळणाऱ्या आणि न उजळणाऱ्या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या! टॉर्चच्या उजेडात चिमट्याने एकेक वेगळी केली. खात्रीसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला: न उजळणारी गडद पिवळी झाली, दुसरी जेमतेम फिकट पिवळी. दोन्हींना आता स्वतंत्र पाकीट आणि क्रमांक आहे, पण त्या एकाच झुबक्यातल्या आहेत ही नोंद दोन्हींवर आहे.

नावाचं मात्र सांभाळून. पूर्वी नळी उजळली की सबयुलिफॉर्मिस, नाही उजळली की व्हर्मिक्युलॅरिस असं जातीचं नाव सरळ लिहायचे. पण 2018 मध्ये आर्क्टिकमधून थॅम्नोलिया टुंड्रे ही जाती वेगळी काढली गेली, आणि ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, डीएनए लागतो. त्यामुळे मी लेबलवर जातीचं नाव न देता फक्त ‘थॅम्नोलिया’ आणि रसायनं लिहिते. जुनं लेबल काढत नाही, त्याच्याशेजारी तारखेसह नवी चिठ्ठी ठेवते.

हे लायकेन हिमालयातही वाढतं. तिथली जुनी पाकिटं कुणाकडे असतील तर टॉर्च मारून रंग कळवा, आणि गोळा केल्याचं वर्ष व उंची जरूर लिहा.