चुन्याचा दर

महिन्याकाठी एक-दोन फोन हमखास येतात. पलीकडे कुठल्यातरी गावच्या वाचनालयाचे नाहीतर जुन्या शाळेचे कार्यवाह असतात. "मॅडम, तुमच्या वाचनालयाच्या इमारतीला सरकारकडून पैसे मिळाले ना? तेवढा अर्जाचा नमुना व्हॉट्सॲपवर टाका." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

नमुना नाही. मी लपवून ठेवलाय असं नव्हे, तो नाहीच. कुणाच्याही जुन्या इमारतीच्या डागडुजीसाठी भरून द्यावा असा सरकारी अर्ज मला सहा वर्षांच्या हेलपाट्यांत एकाही टेबलावर दिसला नाही. योजना असतात. त्यांतली एखादी निवडायची आणि आपली इमारत तिच्यात कोंबायची. जे कोंबता येत नाही ते वर्गणीतून.

रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. आमचं या मंडळींच्या नातवंडांत मोडेल. इमारत सव्वाशे वर्षांची. दगडी जोतं, वर विटांच्या भिंती, आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं. माकडं कौलं फोडतात, आम्ही दर मे महिन्यात शाकारणी करतो, जूनमध्ये माकडं परत येतात. ग्रंथालय म्हणून सरकारचं वार्षिक अनुदान येतं, पण त्यातलं निम्मं पगारावर जातं, पुढे पुस्तकं, वीजबिल. भिंतीपर्यंत काही पोचत नाही.

सगळ्यांना पहिल्यांदा पुरातत्त्व खातं आठवतं, मलाही आठवलं. पण राज्याचं खातं १९६० च्या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या स्मारकांवर खर्च करतं, आणि अशी राज्य संरक्षित स्मारकं अख्ख्या महाराष्ट्रात पावणेचारशेच्या आसपास आहेत. केंद्राची वेगळी. त्या यादीत लेणी, किल्ले, हेमाडपंती देवळं. आमच्या तालुक्यातला नदीकाठचा एक घाटसुद्धा त्यात नाही, तिथे कौलारू वाचनालय कुठून येणार? जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्क्यांपर्यंत निधी गडकिल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांवर खर्च करता येतो, हे ऐकून मी धावत गेले होते. "संरक्षित" हा शब्द तिथे गेल्यावर नीट वाचला. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, वारसा इमारतीच्या मालकाला न वापरलेला चटईक्षेत्राचा, म्हणजे जादा बांधकामाचा, हक्क विकता येतो. आमच्या गावात तो हक्क कोण घेणार? इथे अजून तिसरा मजला बांधायला लोक कचरतात.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान ग्रंथालयांना मदत करतं, इमारतीसाठीही करतं. पण ती मदत जागा वाढवण्यासाठी. आम्हाला जागा वाढवायची नव्हती, होती ती पडू द्यायची नव्हती.

शेवटी आमची वर्णी लागली ती 'क' वर्ग पर्यटनस्थळात. हा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते, आणि त्यातून कामाला पैसे मिळतात. एका मोठ्या पुढाऱ्याचं इथे कधीकाळी व्याख्यान झालं होतं, त्याची नोंद अभिप्राय वहीत होती, तेवढ्यावर आम्ही पर्यटनस्थळ झालो. पर्यटक आजतागायत आलेला नाही. कामाचं नाव पडलं "परिसर सुशोभीकरण व इमारत दुरुस्ती". ऐकून अध्यक्षांना राग आला होता. मी म्हटलं, अण्णा, सुशोभीकरण म्हणू दे, अंत्यसंस्कार म्हणू दे, भिंत उभी राहिली की झालं.

आता कागद. फोन करणाऱ्यांना मी आधी मिळकत पत्रिका काढायला सांगते, आणि निम्म्यांचा फोन परत येत नाही. आमच्या पत्रिकेवर मालक म्हणून "दि नेटिव्ह लायब्ररी" अशी नोंद होती. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदलेला आत्ताच्या मराठी नावाने. सरकारच्या लेखी या दोन वेगळ्या संस्था, म्हणजे आम्ही सव्वाशे वर्षं दुसऱ्याच्या घरात बसून वर्तमानपत्रं वाचत होतो. नाव बदलल्याचा ठराव शोधायला जुनी इतिवृत्तं काढली. दोन वाळवीने खाल्लेली, एक मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त तलाठी सापडले, त्यांनी रोज दुपारी येऊन पाच-पाच पानं लावली. ठराव सापडला तो पेट्रोमॅक्स बत्ती घेण्याच्या ठरावाखाली आणि पुस्तकाची पानं फाडणाऱ्या एका वकिलाच्या दंडाच्या वर. तलाठीकाकांना दंडाचाच ठराव जास्त आवडला.

दुसरी फट परिशिष्ट एकच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या, उताऱ्यात निघाली. त्यावर सात विश्वस्त होते आणि सातांपैकी पाच देवाघरी. दर निवडणुकीनंतर बदल अर्ज द्यायचा असतो, तो आमच्याकडून वर्षानुवर्षं दिलाच गेला नव्हता. चूक आमचीच. विलंब माफीसह सगळे बदल अर्ज मार्गी लागेपर्यंत दोन पावसाळे गेले, आणि त्यातल्या दुसऱ्यात संदर्भ विभागाची एक तुळई वाकली.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मागतात तेव्हा जरा जपून. ज्याने फक्त आरसीसी पाहिलंय असा इंजिनिअर चुन्याची भिंत पाहून सरळ "धोकादायक" लिहून मोकळा होतो. तो कागद नगरपालिकेत गेला की नोटीस येते, आणि दुरुस्तीचे पैसे मागायला गेलेला माणूस पाडकाम थांबवायला धावत सुटतो. शेजारच्या तालुक्यात एक टुमदार चावडी अशीच गेली. जुन्या वाड्यांवर काम केलेला माणूस शोधा, लांबून आणावा लागला तरी आणा.

आणि मग चुना. पैसे संस्थेच्या हातात येत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काम सरकारी यंत्रणा करते: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तक. अंदाजपत्रक बनतं सरकारी दरसूचीवरून. आमच्या कामावरच्या कनिष्ठ अभियंत्याने दरसूची उघडून मला दाखवली. सिमेंटचा गिलावा अमुक जाडीचा, तमुक प्रमाणाचा, सगळ्याला दर. आम्हाला हवा होता तसा, भिजवून मुरवलेला, घाण्यात मळलेला, सुरखी (विटांची पूड), गूळ, हिरडा घातलेला चुना त्याला त्यात सापडेना. "मॅडम, ज्याला दर नाही ते काम मी दाखवू कसं?" पोरगा चांगला होता, खरंच अडला होता.

सिमेंट का नको, हे मी त्याला आमच्या बाथरूमच्या सिमेंट लावलेल्या भिंतीवर दाखवलं. जोत्यातून ओल वर चढते. चुना ती बाहेर टाकतो. सिमेंट वाट बंद करतं, मग ओल आणखी वर चढते, विटांना लोणा, म्हणजे पांढरा खार, धरतो आणि वीट हाताने खरवडली तरी पिठासारखी पडते. त्याने नखाने खरवडून पाहिलं आणि दर पृथक्करण करायला तयार झाला. म्हणजे दरसूचीत नसलेल्या बाबीचा दर साहित्य आणि मजुरी मांडून काढायचा आणि वरून मंजूर करून आणायचा. वाईकडचे गवंडी गाठून, तीन दरपत्रकं जोडून ते झालं. वरून मंजुरी आली ती फक्त दर्शनी दिवाणखान्यापुरती, आणि आली फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

३१ मार्चला खर्च पडला नाही तर निधी परत जातो. चुना मात्र सावकाश धरतो, घाई केली की तडकतो. दिवाणखाना कसाबसा चुन्यात झाला, अजून हात फिरवावासा वाटतो. मागच्या भिंतीला कंत्राटदाराने तीन दिवसांत सिमेंट मारलं. मी समोर उभी होते. थांबवलं असतं तर छपराचेही पैसे गेले असते. बोलले नाही.

त्याला तीन पावसाळे झाले. मागच्या भिंतीवर सिमेंट जिथे संपतं तिथून वर हातभर लोणा धरल्याची पांढरी रेघ उमटली आहे, बांधीव मासिकांची कपाटं आम्ही तिथून हलवली. आता नवा प्रस्ताव तयार करते आहे. तोच अभियंता बदली होऊन परत याच उपविभागात आलाय. परवा त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "मॅडम, या वेळी अर्धं काम सोपं आहे. सिमेंटचा गिलावा काढून टाकायला दरसूचीत दर आहे."