लिव्हरचं जुनं कॉफी मशीन चालू करताना

जुनी कॉफी मशिनं जमवणाऱ्याला जो तो पहिल्यांदा हेच विचारतो, 'हे चालतं का?' माझ्या दोन लिव्हरच्या, म्हणजे दोन दांड्यांच्या, मशीनबाबत बरेच महिने उत्तर 'नाही' असंच होतं.

घेताना क्रोमच्या चकाकीकडे मी लक्षच दिलं नाही. मुलामा पुन्हा देता येतो, बॉयलर मात्र सहसा दुसरा मिळत नाही. आधी त्याच्यावरची पाटी वाचली: साल, क्षमता, किती दाबाला तपासलाय. मग पितळेच्या जोडांवर टॉर्च मारला. पितळ गुलाबी पडलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलेलं असतं आणि पाना लावला की आटे भुगा होऊन हातात येतात. इथं ते पिवळंधमक होतं. घेऊन टाकलं.

जोड गळू नयेत म्हणून घातलेल्या जुन्या गॅस्केटमध्ये आणि बॉयलरभोवतीच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून खरवडाखरवड केलीच नाही. चांगला मास्क लावून सगळं ओलं केलं आणि हलक्या हाताने काढून पिशवीत बंद केलं. आत क्षाराची खपली बसलेली. ती कोमट पाण्यातल्या सायट्रिक ॲसिडने सुटली, पण पुन्हा पुन्हा पाणी बदलून. हीटरच्या कॉइलने ओल धरली होती. मंद आचेवर वाळवल्यावर इन्सुलेशनचं रीडिंग, म्हणजे वीज बाहेर झिरपत नाही ना याचं मोजमाप, ठीक आलं.

खरी मजा ग्रुपमध्ये, म्हणजे ज्या भागात पाणी कॉफीतून जातं तिथं. इटलीच्या आकिले गाजियांचं लिव्हरचं मशीन १९४८ मध्ये आलं. त्याआधी वाफेच्या जेमतेम दीड बार दाबावर कॉफी निघायची. स्प्रिंगने तो आठ-नऊ बारवर नेला आणि कपात क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा दाट फेस, दिसू लागला. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते आणि पिस्टनखाली गरम पाणी येतं. दांडा सोडला की स्प्रिंग ते पाणी कॉफीतून रेटते. ही स्प्रिंग ग्रुपमध्येही दाबूनच बसवलेली असते, त्यामुळे नट सरळ सोडायचे नाहीत. मी लांब आट्यांचे बोल्ट लावून तिला थोडं थोडं सैल केलं. या कामात घाई करणाऱ्यांची मला धास्तीच वाटते.

जोडणी झाल्यावर बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरला, हवा काढली आणि हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब दिला. हवेने ही तपासणी कधीच करू नये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तर नुसतं गळतं. हीटर बॉयलरला जिथं बसतो त्या फ्लँजला एक थेंब आला, गॅस्केट बदललं, संपलं. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवाच घातला. अस्सलपणाचा हट्ट तिथं नको.

आता मशीन चालतं. कुणी आलं की दांडा ओढायचाच असतो, आणि मी ओढू देतो, पण फिल्टरमध्ये नीट दाबलेली कॉफी असेल तरच. नसेल तर पाण्याला काही अडसरच उरत नाही आणि निसटलेला दांडा थेट हनुवटीवर येतो.