व्हीटी-२२० आणि माझे तीन रविवार

डीईसी कंपनीने १९८३ साली आणलेलं व्हीटी-२२० हे टर्मिनल एका परिचितांनी अडगळ उपसताना माझ्या हवाली केलं. सोबत एलके-२०१ कीबोर्ड होता. केबल नाही, पुस्तिका नाही. या यंत्रावर तुमचा कुठलाच प्रोग्रॅम चालत नाही. मुख्य संगणकाकडून आलेली अक्षरं दाखवायची आणि इकडे दाबलेली कळ तिकडे कळवायची, एवढंच त्याचं काम. म्हणून मला वाटलं, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या माझ्या संगणकाला जोडायला अर्धा तास पुरे. तीन रविवार गेले.

बटण दाबलं, बीप वाजला आणि पडद्यावर ‘व्हीटी२२० ओके’ उमटलं. एफ-३ कळीने सेट-अप, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगचा मेनू, उघडतो. तिथे ‘ऑन लाइन’चं ‘लोकल’ केलं की टर्मिनल स्वतःशीच बोलू लागतं, म्हणजे टाइप केलेलं थेट पडद्यावर येतं. कीबोर्ड आणि पडदा दोन्ही शाबूत निघाले. सगळं कसं सरळ चाललं होतं.

मग केबल. ऐकीव ज्ञान असं की दोन्ही टोकांना सारखीच उपकरणं असली तर २ आणि ३ नंबरच्या तारांची अदलाबदल करायची. यूएसबी अॅडॉप्टरला ९ पिनांचा कनेक्टर, टर्मिनलला २५ पिनांचा. मी २ ला ३, ३ ला २ आणि ग्राउंडसाठी ५ ला ७ अशी तार डाखली. पडद्यावर ढिम्म काही नाही. दोष लिनक्सचाच असणार असं गृहीत धरून मी ड्रायव्हर तपासले, परवानग्या बदलल्या, दुसरा अॅडॉप्टर आणला. त्यात दोन रविवार बुडाले.

शेवटी कामाला आली पेपरक्लिप. केबल काढून टर्मिनलच्या मागच्या पोर्टवरच्या २ आणि ३ या पिना तिने एकमेकींना जोडल्या, ‘ऑन लाइन’ केलं आणि टाइप करून पाहिलं. अक्षरं दिसली! बाहेर गेलेलं परत आत येत होतं, म्हणजे पोर्टही जिवंत. राहिली माझी केबल. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. २५ पिनांच्या कनेक्टरवर २ नंबर पाठवण्याचा आणि ३ नंबर घेण्याचा. संगणकाच्या ९ पिनांच्या कनेक्टरवर नेमकं उलटं. अदलाबदल त्या आकड्यांतच झालेली होती आणि मी ती पुन्हा करून पाठवणाऱ्याच्या तोंडाला पाठवणाऱ्याचं तोंड लावून ठेवलं होतं. २ ला २, ३ ला ३, ५ ला ७ अशी पुन्हा डाखली. शिवाय तीनच तारा असल्याने सेट-अपमध्ये ‘डेटा लीड्स ओन्ली’, म्हणजे बाकीच्या तारांची वाट पाहू नको, असं निवडलं. आता कुणी विचारलं तर मी आधी पेपरक्लिप घ्यायला सांगतो. संगणकाला नंतर हात लावा.

तिसऱ्या रविवारी संगणकाच्या त्या पोर्टवर गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, सुरू केलं. आधी पडदाभर कचरा आला, कारण संगणक भलत्याच वेगाने बोलत होता. दोन्हीकडे वेग सेकंदाला ९६०० बिट, अक्षराला ८ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, शेवट दाखवणारा १ स्टॉप बिट असं जुळवलं आणि लॉगिन आलं. लिनक्सच्या टर्मइन्फोमध्ये, म्हणजे कुठल्या टर्मिनलला काय जमतं त्या यादीत, व्हीटी-२२० ची नोंद आजही आहे, त्यामुळे टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या टर्म या व्हेरिएबलला ते नाव दिलं की रंग सोडून बहुतेक सगळं जागेवर बसतं. या वेगाला एका अक्षरामागे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० × २४ चा पडदा भरायला २ सेकंद. मजकूर वरून खाली येताना चक्क दिसतो. मला ते आवडलं. टेलिटाइप मॉडेल ३३ या कागदावर छापणाऱ्या जुन्या यंत्रावर सेकंदाला १० अक्षरांनी काम करणाऱ्यांना ही चैनच वाटली असती. लिनक्समधलं टर्मिनलचं ‘टीटीवाय’ हे नाव त्या टेलिटाइपचीच खूण.

लांबलचक यादी काढली की मधूनच उलट्या तोंडाची प्रश्नचिन्हं दिसू लागली. टर्मिनलला वेग झेपेनासा झाला की ते कंट्रोल-एस पाठवून ‘थांब’ म्हणतं आणि सावरल्यावर कंट्रोल-क्यू. माझ्या अॅडॉप्टरपर्यंत हा निरोप उशिरा पोचायचा, तोवर टर्मिनलचा बफर, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती साठवायची जागा, भरून अक्षरं सांडायची. अर्धी चूक माझीच होती. दिसायला छान म्हणून मी ओळी हळूहळू सरकवणारं स्मूथ स्क्रोल लावलं होतं. ओळी झटक्यात सरकवणारं जंप स्क्रोल केलं, वेग ४८०० वर आणला आणि चिन्हं गेली. व्हीआय हा एस्केपची कळ सतत लागणारा एडिटर वापरणाऱ्यांसाठी सांगतो, या कीबोर्डवर ती कळच नाही. व्हीटी-१०० मोडमध्ये (आधीच्या व्हीटी-१०० टर्मिनलसारखं वागताना) एफ-११ ते काम करते, एरवी कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस.

खरी मजा मराठी नावांच्या फाइलींनी आणली. यूटीएफ-८ या आजच्या अक्षर-संकेतपद्धतीत देवनागरीचं एक अक्षर म्हणजे तीन बाइट, आणि व्हीटी-२२० ला यूटीएफ-८ हा प्रकार ठाऊकच नाही. ते प्रत्येक बाइट सुटा वाचतं. ‘अ’चा तिसरा बाइट हेक्समध्ये (१६ च्या पटीतल्या आकड्यांत) ८५, आणि त्याचा अर्थ ‘पुढच्या ओळीवर जा’. त्यामुळे ‘अहवाल’ नावाच्या फाइलीने सुरुवातीलाच ओळ तोडली. ‘छ’ त्याहून वांड. त्याच्या शेवटी ९बी येतो, म्हणजे ‘आता आज्ञा ऐक’, आणि पुढचं अक्षर छापायच्या ऐवजी टर्मिनल त्याला आज्ञा समजतं. ‘छायाचित्रे’ या फोल्डरने पडद्याची काय दशा केली असेल ते समजून घ्या.

टर्मिनलच्या लॉगिनपुरती भाषा ‘सी’, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं मानणारी लिनक्सची सेटिंग, ठेवली आहे. आता यादीत मराठी नावांच्या जागी त्यांच्या बाइटांचे ३४०, २४४ असे ऑक्टल (८ च्या पटीतले) आकडे येतात, निदान पडदा शाबूत राहतो. मागचा ९ पिनांचा प्रिंटर पोर्ट अजून रिकामाच आहे. त्याची केबल मात्र पिनांचे नकाशे दोनदा पाहूनच डाखणार.