विमानातला हीटर निवडताना

मिनेसोटातल्या हिवाळ्यात उडायला मला फार आवडतं. थंड हवा दाट असते, इंजिन जोमात चालतं, विमान झपाझप चढतं आणि निरभ्र दिवशी गोठलेली तळी क्षितिजापर्यंत दिसतात. अडचण एकच. जमिनीवरच उणे १५ अंश असतात आणि वर जाताना सरासरी दर हजार फुटांना आणखी दोनेक अंश उतरतात. गॅरेजमध्ये आरव्ही-९ए हे सुट्या भागांतून घरी बांधायचं छोटं विमान बांधायला घेतलं तेव्हाच ठरवलं होतं की हे विमान नोव्हेंबर ते मार्च हँगरमध्ये पडून राहणार नाही. बायकोनेही तिची अट सांगून ठेवली होती: "तू म्हणशील तिथे येईन, पण पाय बधिर होता कामा नयेत."

अमेरिकेत अशी विमानं एक्सपेरिमेंटल वर्गात नोंदवली जातात. निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्या हौशी माणसांनीच केलेलं असावं, हा त्यातला मुख्य नियम. हीटर कुठला बसवायचा हे कुणी येऊन सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक पर्यायाचा हिशोब मी स्वतः मांडला.

सुरुवात विजेपासून केली, कारण विजेच्या हीटरला धूरही नाही आणि नळ्याही नाहीत. माझा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून वीज बनवणारं यंत्र, ६० अँपिअरचा. १४ व्होल्टने गुणलं की ८४० वॅट होतात. त्यातून रेडिओ, दिवे, ट्रान्सपाँडर आणि बॅटरीचं चार्जिंग वजा करा. आता गरज किती ते पाहू. केबिनमधून सेकंदाला ५० लिटर हवा वाहते असं धरलं आणि ती उणे २० वरून अधिक २० अंशांवर आणायची म्हटली, तर जवळजवळ पावणेतीन किलोवॅट लागतात. विजेचा प्रश्न तिथेच मिटला. गरम होणाऱ्या सीट मात्र ठेवल्या. प्रत्येकी पन्नासेक वॅटमध्ये पाठ आणि मांड्या उबदार राहतात, हा सौदा चांगला आहे.

जुन्या दोन इंजिनी विमानांत पेट्रोल जाळणारा स्वतंत्र हीटर असतो. ट्रकमध्ये वापरतात तसला छोटा डिझेल हीटर बसवायचा, असंही हँगरमधल्या एका मित्राने सुचवलं. ताकद दोन्हींची पुरेशी आहे. पण स्वतंत्र इंधनाची नळी, स्वतंत्र ज्योत, तिचा स्वतंत्र धूर आणि या सगळ्याचं वजन, हे दोन सीटच्या विमानात मला नको होतं.

शेजारच्या हँगरमध्ये रोटॅक्स ९१२ इंजिनवाली मंडळी आहेत. त्या इंजिनाची सिलिंडर हेड पाण्याने थंड होतात, म्हणून मोटारीसारखा छोटा रेडिएटर केबिनमध्ये बसवता येतो. एक्झॉस्टशी, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीशी, संबंधच येत नाही. इंजिन अजून घ्यायचं असेल, तर हा मुद्दा जरूर विचारात घ्या. माझं लायकमिंग ओ-३२० इंजिन हवेने थंड होणारं, म्हणून तो मार्ग नव्हता. लायकमिंगवाले काही जण ऑइल कूलरमधून बाहेर पडणारी गरम हवा आत घेतात. कल्पना सुरक्षित आहे, पण आमच्याकडे हिवाळ्यात ऑइल पुरेसं तापावं म्हणून कूलरच अर्धा झाकावा लागतो. ज्या दिवशी ऊब सर्वांत जास्त हवी, त्याच दिवशी तिथून सर्वांत कमी मिळणार.

राहिला सर्वांत जुना मार्ग, हीट मफ. एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचं आवरण असतं, मधल्या पोकळीतून ताजी हवा जाते, तापते आणि फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतल्या) झडपेतून केबिनमध्ये येते. हे इंजिन क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवरच्या स्थिर उड्डाणात, तासाला सुमारे ३० लिटर पेट्रोल जाळतं. त्यातली पंचवीस ते तीस टक्के ऊर्जा प्रोपेलरला मिळते आणि उरलेल्यातला मोठा वाटा एक्झॉस्टमधून वाया जातो. उष्णता तिथे फुकट पडलेली आहे.

फुकट असली तरी त्या उष्णतेत आणि आपल्या नाकात फक्त एका पातळ नळीची भिंत असते. तिला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. उंचीवर ऑक्सिजन आधीच विरळ, त्यात ही भर. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबूमध्ये होता, ते विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटिश तपासात त्याच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं निघालं. ते वाचल्यावर 'किती गरम' हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम झाला. मफ घ्यायचा तर तो सहज उघडून नळी तपासता आली पाहिजे, ही पहिली अट ठरली.

त्यासाठीची चाचणी साधी आहे आणि ती पाहायला मला आवडते. शॉप व्हॅक्यूमची (वर्कशॉपमधल्या व्हॅक्यूम क्लीनरची) हवा फेकणारी बाजू एक्झॉस्टच्या टोकाला चिंधी गुंडाळून लावायची, मफ काढायचा आणि प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी फवारायचं. सांधा पक्का असेल तर पाणी नुसतं ओघळतं. केसाएवढी जरी फट असली, तरी तिथे बारीक बुडबुड्यांची माळ उमटते. नळीच्या सरकत्या जोडावर थोडे बुडबुडे येतातच, पण तो जोड मफच्या आत असता कामा नये. माझा मफ मी सरळ, अखंड नळीच्या तुकड्यावर बसवला तो यासाठीच.

मफच्या आत नळीभोवती स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग गुंडाळली. तिच्यामुळे हवा घुसळते, तप्त पृष्ठभाग वाढतो आणि तेवढ्याच मफमधून जास्त ऊब मिळते. झडपेची पेटी अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण मी स्टेनलेसची घेतली. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि फायरवॉलच्या चाचणीची ज्योत सुमारे ११०० अंशांची असते. फायरवॉल स्टेनलेसची आणि तिच्यातलं भोक वितळणाऱ्या झाकणाचं, याला काय अर्थ? हीटर बंद असताना ही पेटी गरम हवा इंजिनाच्या खोलीत सोडून देते. मफमधला प्रवाह कधीच थांबत नाही आणि नळी बेसुमार तापत नाही.

इतकं करूनही, माझ्या मते, हीटरपेक्षा महत्त्वाचं काम केबिनच्या फटी बुजवण्याचं आहे. उडताना कॅनोपीवरून, म्हणजे केबिनवरच्या पारदर्शक झाकणावरून, हवा वेगाने जाते, म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो. शेपटीकडून, फ्लॅप आणि एलरॉन या पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांच्या दांड्यांच्या भोकांतून, कॅनोपीच्या कडांखालून गार हवा आत ओढली जाते आणि मानेवर येते. पोटाखालून मागे जाणारा एक्झॉस्टचा धूरही याच वाटांनी आत शिरू शकतो. म्हणजे एक फट बुजवली की थंडी आणि विष दोन्हींची वाट बंद होते. दांड्यांना कापडी मोजे, सीटमागच्या भिंतीला सीलंट, कॅनोपीला पोकळ रबराची पट्टी, फायरवॉलच्या प्रत्येक तारेच्या भोकाला आगरोधक लेप. कंटाळवाणं काम आहे आणि त्यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. पण माझ्या पावणेतीन किलोवॅटच्या हिशोबात सर्वांत मोठा आकडा आत येणाऱ्या हवेचाच होता.

कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर विमानासाठीच बनवलेला, आकडा दाखवणारा घ्या. घरगुती अलार्म ७० पीपीएमलाही (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासभर गप्प राहू शकतो, कारण त्याचे निकषच तसे आहेत. रंग बदलणारी चकती डोळ्यांनी पाहावी लागते, आणि हा वायू आधी नेमकं लक्षच मंदावतो. माझा अलार्म ५० पीपीएमला हेडसेटमध्ये वाजतो. पॅनेलवर चिठ्ठी चिकटवली आहे: हीटर बंद, ताज्या हवेचे व्हेंट पूर्ण उघडे, जवळच्या विमानतळावर उतरा.

उणे २० च्या सकाळी आता हातमोजे काढून, जॅकेटची चेन उघडून बसता येतं. क्रूझमध्ये डिटेक्टर शून्य दाखवतो. लांब उतरंडीत पॉवर कमी केली की ऊब ओसरते. मफ हीटरचा हा स्वभावच आहे, म्हणून मी आधीपासून थोडी पॉवर ठेवून सावकाश उतरतो. गरम हवा अजून डाव्या बाजूला जास्त जाते. बायकोच्या पायांसाठी पेटीच्या तोंडाशी हवा दुभागणारा पत्रा बसवायचं चाललंय. कापून तयार आहे, रिव्हेट मारायचे बाकी आहेत.