आधी गाव ठरवा, मग मुहूर्त

परदेशी माणसाशी लग्न करायचे ठरले आहे, असे घरी सांगितले की पहिला प्रश्न येतो तो "मग तू जाणार कधी?" असा. माझ्या आईनेही पोळी लाटता लाटता हेच विचारले होते, आणि उत्तराची वाट पाहताना तव्यावरची पोळी करपू दिली होती. माझा नवरा जर्मन आहे. चाकणच्या एका कारखान्यात कामानिमित्त तो 2 वर्षे होता, तिथे आमची ओळख झाली. मुलीने जायचे आणि जावयाने न्यायचे, हे सगळ्यांनी इतके गृहीत धरले होते की तो इकडे येऊन राहू शकेल, ही शक्यता आमच्याशी कोणी बोलूनही पाहिली नाही. आम्ही मात्र चार-पाच महिने दोन्ही वाटा तपासल्या आणि पुण्यात राहायचे ठरवले. आता ओळखीपाळखीतून मला फोन येतात, तेव्हा बहुतेकांचा हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापायला गेलेली असते आणि मग "व्हिसाचे काय करायचे गं?" असे विचारले जाते. हा क्रम उलटा आहे, हे मला पोटतिडकीने सांगावेसे वाटते. राहायचे कुठे हे आधी ठरले पाहिजे, लग्न कोणत्या कायद्याखाली करायचे हे त्यावरून ठरते, आणि तारीख त्यानंतर येते.

जर्मनीची वाट वाईट नव्हती. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला कुटुंब-एकत्रीकरणाचा व्हिसा मिळतो आणि त्यासाठी 2007 पासून ए1, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची जर्मन भाषा यावी लागते. बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात मी ती परीक्षा हौसेने आधीच दिली होती. तिथे पोहोचल्यावर नोकरी करायला वेगळा परवाना लागत नाही, आणि संसार टिकून असेल, उपजीविकेची सोय असेल व भाषा बी1, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली असेल, तर 3 वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. जर्मनीने 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आहे, परंतु आपल्या राज्यघटनेला ते मान्य नाही. त्यामुळे तिकडचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे जाते, हे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकीने आधीपासून ध्यानात ठेवावे. खरी अडचण कागदांची असते. अपोस्टील म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का. त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला होता, म्हणून आपल्याकडचा अपोस्टीलचा शिक्का जर्मन कार्यालयात चालत नाही. जन्मदाखल्यापासून सगळ्याची प्रत्यक्ष पडताळणी करवून घ्यावी लागू शकते आणि तिच्यात महिनेच्या महिने जातात. या कटकटीला कंटाळून काही जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न लावतात, कारण तिथली कागदपत्रांची अट सुटसुटीत आहे. त्या लग्नाने जर्मनीत राहण्याचा हक्क मात्र आपोआप मिळत नाही. तेवढ्यासाठी व्हिसाचे नियम पाळावेच लागतात.

आम्ही ही वाट सोडली ती कागदांमुळे नव्हे. बाबा गेल्यापासून आई एकटी आहे, तिचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि आमच्या दोघांमध्ये गाव बदलणे त्याला अधिक सोपे होते.

पुण्यात राहायचे ठरल्यावर कायद्याचा प्रश्न आला. हिंदू विवाह अधिनियमाखाली लग्न करायचे तर वधू आणि वर दोघेही कायद्याच्या अर्थाने हिंदू असावे लागतात. एका मध्यस्थाने आम्हाला सहज सुचवले, "साहेबांचं शुद्धीकरण करून घ्या, आठवड्यात दाखला हातात." हा सल्ला मला अपमानास्पद वाटला आणि आजही वाटतो. धर्म बदलणे ही ज्याच्या-त्याच्या अंतःकरणाची गोष्ट आहे, दाखल्याच्या सोयीसाठी करण्याची नव्हे. धर्म न बदलता लग्न करता यावे, यासाठीच 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य असावे लागते, मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि 30 दिवसांत कोणाची ग्राह्य हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. नोटिशीच्या तारखेपासून 3 महिन्यांत लग्न झाले नाही तर मात्र ती नोटीस रद्द होते. नवऱ्याने जर्मनीतल्या नोंदणी कार्यालयाकडून विवाहास अडथळा नसल्याचा दाखला आणला होता, त्याची मुदत 6 महिन्यांची होती. या सगळ्या मुदती एकमेकींत बसवण्यासाठी आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर चार रंगांच्या पेन्सिलींनी खुणा केल्या होत्या. आपली नावे आणि पत्ते महिनाभर फलकावर लटकत राहणे मला आवडले नाही. आमच्या घरून विरोध नव्हता म्हणून ते निभावले. ज्यांच्या घरून विरोध आहे त्या मुलामुलींना ही तरतूद किती भिववत असेल, हे त्या फलकासमोर उभे राहिल्यावर मला कळले.

चूक झाली ती नावात. ऑनलाइन अर्जात नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने होते. आपल्याकडे मधले नाव म्हणजे वडिलांचे, त्यामुळे अर्ज भरून देणाऱ्या माणसाने सवयीने माझ्या सासऱ्यांचे नाव तिथे टाकले. जर्मन पासपोर्टवर वडिलांचे नाव नसते. माझ्या नवऱ्याची स्वतःचीच दोन नावे आहेत, त्यातले दुसरे या गडबडीत गळून गेले. शिवाय त्याच्या आडनावात वर दोन टिंबे असलेला 'यू' आहे, जो पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत 'यूई' असा छापलेला असतो, आणि व्हिसावर तोच उतरला होता. विवाहाचा दाखला हातात आला तेव्हा त्यावरचा माणूस कागदोपत्री माझा नवरा नव्हताच. दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, पासपोर्टची साक्षांकित प्रत आणि 6 आठवडे लागले, आणि तोवर व्हिसाची मुदत संपत आली होती. म्हणून सांगते, सही करण्यापूर्वी अर्जाची छापील प्रत घेऊन पासपोर्टशेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोटाने ताडून पाहा.

लग्नाच्या दिवशी विवाह अधिकाऱ्यासमोर एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे बोलून दाखवावे लागते, आणि दोघांना कळेल अशा कोणत्याही भाषेत ते बोलता येते. त्याने ते मराठीत म्हटले. आठवडाभर आईसमोर बसून त्याने त्या एका वाक्यातला 'ळ' घोटला होता. 'कायदेशीर'मध्ये 'ळ' नाही, पण 'सगळ्यांसमक्ष' हा शब्द त्याने स्वतःहून जोडला होता आणि तो त्याला सोडायचा नव्हता.

त्यानंतरचा प्रवास सरळ असतो, फक्त लांब. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला एक्स व्हिसा, म्हणजे प्रवेश व्हिसा मिळतो. लग्न भारतात झाले असेल तर हातातल्या व्हिसाचे त्यात रूपांतर करण्याचा अर्जही ऑनलाइन करता येतो. त्यावर नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही, त्यामुळे तेवढ्या काळासाठी घर एका पगारावर चालेल का, याचा हिशेब आधी मांडावा. नोंदणीकृत विवाह सलग 2 वर्षे टिकला की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी अर्ज करता येतो. कायद्यात 'नोंदणी झालेला' हा शब्द स्पष्ट आहे. देवळात लग्न लावून नोंदणी 'पुढे बघू' म्हणत वर्षभर लांबवणारी जोडपी मी पाहिली आहेत, आणि ते वर्ष त्यांना पुढे जड गेले आहे. कार्डापूर्वी सुरक्षाविषयक तपासणी होते. कार्ड मिळाले की वारंवार मुदतवाढ मागावी लागत नाही आणि बहुतेक नोकऱ्या करता येतात. मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.

लग्नाच्या आधारावर मिळालेले हे कार्ड लग्न न्यायालयात संपुष्टात आले तर रद्द होऊ शकते. आम्ही हे लग्नापूर्वी एकदा समोरासमोर बोललो. तो स्वतःचे गाव, भाषा आणि नोकरी सोडून येणार होता आणि त्याचे इथले राहणे माझ्याशी असलेल्या नात्यावर टांगलेले असणार होते. एवढे ओझे एकाच बाजूला पडते हे मला मान्य करायला हवे होते. म्हणून त्याची जर्मनीतली बचत आणि तिथला विमा आम्ही तसाच चालू ठेवला आहे.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या नोंदणीला 2 वर्षे पूर्ण झाली. ओसीआयचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि सध्या आई चष्मा लावून त्यातले प्रत्येक नाव पासपोर्टशी ताडून पाहते आहे.