गिटारवरचा सात नेमका कशाचा?

गिटारच्या कागदावर तीनचा आकडा दिसला की आधी विचारायचं, हा तीन कशाचा? तारेचा, फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधल्या घराचा) की बोटाचा? मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात भजनी मंडळ आहे, पेटी आहे, खंजिरी आहे. पण हे सांगणारं कोणी नव्हतं. मावसभाऊ पुण्याला नोकरीवर गेला, गिटार आणि झेरॉक्सचा गठ्ठा माझ्याकडे आला.

टॅब, म्हणजे रेघा आणि आकड्यांची गिटारची लिपी, लवकर समजलं. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. सगळ्यात वरची रेघ बारीक तारेची, खालची जाड तारेची. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वरच्या बाजूला येते, म्हणून कागद उलटा वाटतो. रेघेवरचा आकडा फ्रेटचा. 0 म्हणजे मोकळी तार. एकाखाली एक आकडे आले की त्या तारा एकदम छेडायच्या. 5एच7 असेल तर पाचव्या फ्रेटवर छेडून दुसरं बोट सातव्यावर आपटायचं, पुन्हा छेडायचं नाही. पी असेल तर बोट ओढून काढायचं. हाच पी पाच रेघांच्या स्वरलिपीत भेटला, तर तो उजव्या हाताचा अंगठा. तिथे आय तर्जनी, एम मधलं बोट, ए अनामिका.

कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या, आकड्यांनी मात्र दम काढला. डाव्या हाताची बोटं तर्जनीपासून 1 ते 4 मोजतात. सी कॉर्डमध्ये तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, दुसऱ्यावर मधलं बोट, पहिल्यावर तर्जनी. बोट आणि फ्रेट दोन्हींचे आकडे सारखेच, मग फरक कळणार कसा? जी घ्या. जाड तारेचा तिसरा फ्रेट 2 नंबरच्या बोटाने, शेजारच्या तारेचा दुसरा फ्रेट 1 नंबरच्या बोटाने. नवशिक्याला जी आधी दाखवावी, असं माझं ठाम मत आहे.

अक्षरं उलगडली ती पेटीवर. मंडळात पेटी वाजवणाऱ्या आबाजींना कागद दाखवला. ते म्हणाले, "पोरी, सी म्हंजे आपली पांढरी एक होय. यात काय हाये एवढं?" पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने मोजल्या की डी पांढरी दोन, असं करत बी पांढरी सात. मोकळ्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई. म्हणजे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. एक फ्रेट पुढे सरकलं की पेटीवरची लगतची पट्टी, काळ्या धरून. बाराव्या फ्रेटवर तीच तार वरच्या सप्तकात बोलते.

मग सी7. आबाजींनी पांढरी एकला सा धरून सा, ग, प एकत्र दाबले, तो सी. त्यात काळी पाच, म्हणजे कोमल नी मिसळला आणि सी7 झाला. सा पासून सातवा स्वर, तोही कोमल. गिटारवर तो जी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, करंगळीने. नावात 7, फ्रेट 3, बोट 4! नावापुढे बारका एम आला की ग कोमल करायचा, हेही त्याच बैठकीत कळलं.

सध्या एफ कॉर्डवर आहे. तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबायची. कागदावर काय लिहिलंय ते सगळं वाचता येतं. मधल्या दोन तारा अजून नीट वाजत नाहीत, त्यावर रोज संध्याकाळी मेहनत चालू आहे.